अंगठा उमटत नाही? तरी वय वंदना कार्ड निघतं

सत्तर आणि त्यापुढच्या वयाच्यांना रुग्णालयातले उपचार मिळवून देणाऱ्या आयुष्मान वय वंदना कार्डाला आधारशिवाय दुसरा कागद लागत नाही. उत्पन्नाचा दाखला नको, रेशनकार्ड नको, पैसेही नकोत. आयुष्मान ॲपमध्ये लॉगिन करायचं आणि सत्तरीपुढच्यांच्या नोंदणीत आधार क्रमांक टाकायचा. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांची कार्डं काढून देताना मी दरवेळी अडकलो ते त्याच्या पुढे, केवायसीला, म्हणजे ओळख पटवायच्या पायरीला.

लॉगिनचा ओटीपी कुणाच्याही मोबाइलवर चालतो, अगदी नातवाच्याही. केवायसीचा मात्र आधारला जोडलेल्या नंबरवरच येतो. तो नंबर बहुतेकदा जुना, रिचार्जअभावी बंद पडलेला असतो. मग उरतो अंगठा. जन्मभर धुणीभांडी, बांधकाम, खुरपणी केलेल्या हातांच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. एका केंद्रावर एका आजींचा अंगठा दोनदा लावून पाहिला आणि "आधार अपडेट करून आणा" म्हणत त्यांना परत पाठवलं. उरलेल्या नऊ बोटांकडे कुणी पाहिलंही नाही, याचा राग अजून आहे. केवायसीला दहापैकी कुठलंही बोट चालतं. हात साबणाने धुऊन कोरडे करा. कातडी फार रखरखीत असेल तर खोबरेलाचा थेंब चोळून नीट पुसून टाका. यंत्राची काचही पुसा, तेवढ्यानेही पुष्कळदा ठसा येतो.

बोटं हरली तर चेहरा. त्यासाठी आधार फेस आरडी हे ॲप फोनमध्ये आधीच टाकून ठेवा. उजेड तोंडावर पडला पाहिजे. पाठीशी खिडकी असली की चेहरा काळा येतो. चष्मा काढायचा, डोक्यावरचा पदर मागे घ्यायचा, सांगितलं की पापण्या मिटून उघडायच्या.

हेही जमलं नाही तरच आधार केंद्र गाठा. तिथे ठसे आणि मोबाइल नंबर एकाच फेरीत बदलून घ्या, नंबराचे वेगळे पैसे पडत नाहीत. पावती जपा.

हो, वय आधारवरचं धरतात. खरं वय पंचाहत्तर आणि आधारवर अडुसष्ट असेल तर नोंदणी होत नाही, म्हणून तारीख सगळ्यात आधी बघा.

२९ ऑक्टोबर २०२४ ला हे कार्ड सुरू झालं. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. घरात आधीच आयुष्मान कार्ड असेल तर ज्येष्ठांचे ५ लाख त्याहून वेगळे. पण नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढचे असतील तर ते दोघांत मिळून. आधीपासूनच्या आजारावरच्या उपचारालाही थांबावं लागत नाही. ओपीडीची तपासणी, रोजच्या गोळ्या यात येत नाहीत, हे घरच्यांना आधीच सांगा. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी आणि निवृत्तांची आरोग्य योजना) असेल तर दोहोंपैकी एक निवडावं लागतं. कोणतं रुग्णालय योजनेत आहे ते १४५५५ वर विचारता येतं.

योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे तिथला योजनेचा मदतनीसही कार्ड काढून देतो, पण केवायसी त्यालाही हीच करावी लागते. सलाइन लावलेल्या हाताचा ठसा घेण्याची वेळ येण्याआधी कार्ड काढून घ्या.