दाराबाहेरची खुर्ची

तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर लिहितो. आमची १४ वर्षांची मुलगी बॅले शिकते आणि १२ वर्षांचा मुलगा बेसबॉल खेळतो, हे कळल्यावर इथे न्यू जर्सीत गणपतीच्या प्रसादाच्या रांगेत किंवा सांगलीहून येणाऱ्या फोनवर मला नेमका हाच प्रश्न विचारला जातो: दोन्ही शेवटी अंगमेहनतच, मग फरक काय, आणि आईवडिलांना जास्त कशात पडावे लागते? विचारणाऱ्याच्या घरात बहुधा चार-पाच वर्षांचे मूल असते आणि त्याचे नाव कुठे घालायचे हे ठरायचे असते.

मैदानावर बापाला सगळे दिसते. मुलगा ज्या लिटल लीगमध्ये, म्हणजे मुलांच्या बेसबॉल संघटनेत, खेळतो ती १९३९ साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्ट गावी सुरू झाली आणि आजही ती पालकांच्या विनामोबदला राबण्यावर चालते. प्रशिक्षक कोणाचा तरी बाप असतो, चुन्याच्या रेघा मारणारी कोणाची तरी आई असते, आणि टपरीच्या खिडकीतून हॉटडॉग विकणारेही पालकच असतात. त्यामुळे मुलाची प्रत्येक चूक मला, माझ्या शेजाऱ्याला आणि शेजाऱ्याच्या सासऱ्यांना एकाच क्षणी दिसते. या खेळात दहांपैकी तीनदा फटका साधणारा फलंदाज उत्तम समजला जातो, म्हणजे चांगला खेळाडूसुद्धा सातदा मान खाली घालून परततो, आणि ते सातही वेळा बाकावरच्या बापाला सोसावे लागतात. मला ते सोसत नसे. मी क्रिकेटवर वाढलेला माणूस. फटका मारल्यावर बॅट टाकून पळायचे असते हे पचायलाच मला एक मोसम लागला, तरी पहिल्या महिन्यापासून मी जाळीमागून मराठीत सूचना ओरडत होतो. एकदा प्रशिक्षक "थांब" म्हणत असताना मी "पळ" म्हणून ओरडलो. मुलगा दोन बेसच्या, म्हणजे धावून गाठायच्या टप्प्यांच्या, मधोमध थबकला आणि बाद झाला. घर येईपर्यंत गाडीत तो एक शब्द बोलला नाही.

बॅलेच्या वर्गाला दार असते आणि ते बंद असते. दीड तास मी बाहेरच्या अरुंद बोळात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो आणि आत काय चालले आहे ते पियानोवरून ओळखतो. संथ, लांबवलेले सूर म्हणजे भिंतीलगतच्या लाकडी दांड्याला, त्यांच्या भाषेत बारला, धरून गुडघे वाकवण्याचे प्लिए. तुटक, नेमके सूर म्हणजे जमिनीवरून पाऊल घासत नेण्याचे तांद्यू. मूल दहा वर्षांचे असो की विशीतला कसलेला नर्तक असो, वर्गाची सुरुवात या दांड्यापाशीच होते. आत "शाब्बास" क्वचितच ऐकू येते. शिक्षिका जवळ येऊन दोन बोटांनी खांदा खाली दाबतात, त्याला करेक्शन म्हणतात, आणि ज्या दिवशी एकही करेक्शन मिळाले नाही तो दिवस मुलीच्या लेखी वाया गेलेला असतो. मैदानावर चूक दाखवली की मुलगा हिरमुसतो, इथे दाखवली नाही की मुलगी हिरमुसते, हे माझ्या ध्यानात यायला तीन वर्षे लागली.

दार बंद असले तरी पालकांना काम नसते असे नाही. आकडे आणि जाळी लावून अंबाडा घट्ट बसवणे मी शिकलो, आणि त्याहून मोठे काम म्हणजे पॉइंट शूज, पायाच्या बोटांच्या टोकांवर उभे राहून नाचण्याचे बूट. काही वर्षांची तयारी झाल्यावर, साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी, घोट्यात पुरेशी ताकद आल्याची शिक्षिकेची खात्री पटली तरच ते पायात येतात. त्यांच्या टोकात लाकूड असते असा अनेकांचा समज आहे. खरे तर तिथे कापड, कागद आणि खळ यांचे थर असतात, घामाने ते मऊ पडतात, आणि रोज वर्ग असेल तर साधारण १०० डॉलरचा जोड काही आठवड्यांतच निकामी होतो. नवा जोड येतो तो फिती न शिवलेला. साधा दोरा तुटतो म्हणून मी दात साफ करण्याच्या फ्लॉसने फिती शिवतो, आणि त्यांची टोके उसवू नयेत म्हणून ती ज्योतीवर हलकेच जाळून घेतो. पहिल्यांदा मी त्यासाठी देवापुढचे निरांजन वापरले. आई तेव्हा आमच्याकडे आलेली होती. पायातल्या वस्तूला निरांजन लावलेले पाहून ती जे बोलली त्यानंतर घरात मेणबत्ती आली.

या बंद दाराचे मला कौतुक आहे, पण त्याची किंमतही आम्ही मोजली आहे. मुलगी दहा वर्षांची असताना, तिच्या आधीच्या शाळेत, एका शिक्षिकेने सगळ्यांदेखत तिच्या पोटाकडे बोट दाखवून शेरा मारला. आम्हाला ते कळले दोन महिन्यांनी, तेही डब्यातली पोळी रोज तशीच परत येऊ लागली म्हणून. अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्यांत, आरशात स्वतःला न्याहाळत ज्या मुली वाढतात, त्यांच्यात खाण्याचे विकार का आढळतात हे त्या डब्याने मला दाखवले. हेच एखादा बेसबॉल प्रशिक्षक बोलला असता तर संध्याकाळपर्यंत गावभर झाले असते. आताची शाळा दर सत्रात एक आठवडा पालकांना आत बसू देते, आणि शाळा बदलताना फीच्याही आधी मी तेवढेच विचारले होते.

वयाच्या बाबतीत तर दोन्हींची तुलनाच अवघड होते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ साली सल्ला दिला की एकाच खेळाला वाहून घेणे पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत लांबणीवर टाकावे. मुलाच्या बाबतीत आम्ही तो पाळतो; वसंतात बेसबॉल, शरदात फुटबॉल आणि हिवाळ्यात लोळणे. बॅलेत मात्र अठरा-एकोणिसाव्या वर्षी कंपनीत, म्हणजे व्यावसायिक नृत्यसंघात, जाण्याचे वय येते, त्यामुळे पंधराव्या वर्षापर्यंत थांबणाऱ्याची गाडी सुटलेली असते. मुलीच्या घोट्याला बर्फ लावताना मला तो सल्ला आठवतो आणि मी गप्प बसतो.

निवडीचेही तसेच आहे. १८९२ साली सेंट पीटर्सबर्गला पहिल्यांदा झालेला आणि नृत्यदिग्दर्शक बालान्शीनने १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये बसवल्यापासून अमेरिकेच्या नाताळाचा भाग बनलेला 'नटक्रॅकर' हा बॅले दर डिसेंबरला आमच्या शाळेतही होतो. मुलांच्या भूमिका ठरतात त्यात उंचीचा मोठा वाटा असतो, कारण पोशाख वर्षानुवर्षे तेच असतात. एका उन्हाळ्यात आमची मुलगी भराभर वाढली आणि तिची भूमिका शेजारच्या मुलीकडे गेली. बेसबॉलच्या संघनिवडीवरून प्रशिक्षकाला फोन करणारे बाप मी पाहिले आहेत. फूटपट्टीला कोण फोन करणार?

ओरडण्याच्या त्या प्रसंगानंतर मीच लीगकडे मोजणीचे काम मागून घेतले. क्रिकेटवाल्याला पिच म्हणजे खेळपट्टी, इथे पिच म्हणजे प्रत्येक चेंडूफेक. कोवळ्या कोपराला आणि खांद्याला इजा होऊ नये म्हणून ११-१२ वर्षांच्या मुलाने दिवसात ८५ पेक्षा जास्त चेंडू टाकायचे नाहीत असा नियम आहे, आणि ६६ किंवा अधिक टाकले तर पुढे चार दिवस विश्रांती सक्तीची. ही मोजणी करणाऱ्याला नजर हलवता येत नाही आणि आकडा चुकेल या धास्तीने तोंडही उघडवत नाही. गेल्या शनिवारी मुलगा ६५ वर असताना प्रशिक्षकाने माझ्याकडे पाहिले, मी वही वर धरली, आणि त्याने पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, बदलला. मुलगा पाय आपटत डगआउटमध्ये, खेळाडूंच्या बाकाकडे, गेला, पण रात्री स्वयंपाकघरात येऊन त्याने विचारले, "बाबा, पुढच्या शनिवारीही तूच मोजणार ना?" मी हो म्हणालो आणि सुईत फ्लॉस ओवायला घेतला.