पेव्हर ब्लॉक नकोत, कोर्टच

रविवार, रात्री

ठरलं एकदाचं. परसात पेव्हर ब्लॉक नाहीत, खेळायचं कोर्टच करायचं. हिचा कल ब्लॉककडे होता, लेकीचा कोर्टकडे, आणि मी दोघींना "बघू" म्हणून वेळ काढत होतो.

खरा निकाल लावला तो खिडकीतल्या बरणीनं. मागच्या रविवारी हातभर खोलीवरची माती काढून बरणीत टाकली, पाणी ओतलं, खळखळून हलवली. वाळू मिनिटभरात खाली बसली, जेमतेम नखाएवढा थर. गाळाला काही तास लागले. वरचं पाणी मात्र आठ दिवस झाले तरी चहासारखं गढूळ आहे. म्हणजे चिकणमाती, तीही अस्सल. ओला गोळा अंगठा आणि बोटात दाबत पट्टी काढली, तर बोटाएवढी लोंबेपर्यंत तुटेना. 5 सेंटीमीटरच्या पुढे पट्टी टिकली की माती चिकण समजायची.

अशा मातीचे कण पापुद्र्यांसारखे असतात. काही जातींत तर त्या पापुद्र्यांच्या आतही पाणी शिरतं आणि माती फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात पडलेल्या भेगेत लेकीनं फूटपट्टी घातली होती, ती अर्ध्याहून जास्त आत गेली. पट्टी बाहेर काढताना तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

आणि पुरावा हवाच असेल तर नळापासून मागच्या दारापर्यंतची वाट आहे की. सहा वर्षांपूर्वी मीच हौसेनं पेव्हर ब्लॉक बसवले. नळाजवळ पाणी सतत मुरतं, तिथले ब्लॉक वर आले. झाडाच्या बाजूला मुळं पाणी ओढून घेतात, तिथले खचले. आज दोन ब्लॉकच्या मध्ये पेन्सिल आडवी ठेवून बघितली, कड बरोबर तेवढी उंच. चालताना एवढ्यानं काही होत नाही. पण शटलवर नजर ठेवून उलट पावली पळणाऱ्याचा घोटा त्या कडेवर गेलाच म्हणून समजा. चेंडूचा टप्पा कुठे जाईल ते तर विचारूच नका.

ब्लॉकवर अन्यायही करायचा नाही. ते उचलता येतात, खालची वाळू सारखी करून परत बसवता येतात, खालून पाइप गेला असेल तर दुरुस्ती सोपी. नुसतं बसायला जागा हवी असती तर मी पुन्हा तेच घातले असते. फटींतून पाणी मुरतं हा त्यांचा गुण सगळे सांगतात. माझ्या मातीत मात्र, खाली निचऱ्याची सोय केली नाही तर, तोच गुण उलटतो: पाणी नेमकं नको तिथे पोचतं.

काँक्रीट तडकत नाही असं नाही. पण सळ्यांनी बांधलेला एकसंध कोबा तराफ्यासारखा हलतो, प्रत्येक चौकोन आपापल्या मनानं हलत नाही. आमचं ठरलं ते असं: चिकणमातीवर आधी जिओटेक्स्टाइल कापड, म्हणजे खडी चिखलात गिळली जाणार नाही. त्यावर खडी थराथरानं दाबून, मग 10 सेंटीमीटर काँक्रीट. दर 3 मीटरला काप द्यायचा, म्हणजे तडा गेलाच तर आपण सांगितलेल्या जागी जाईल. निदान सात दिवस पाणी मारायचं, इथे घाई नाही. वर जाळीच्या प्लास्टिक टाइल्स, आणि कडेला मोकळी फट, कारण उन्हात त्या पसरतात.

पहिला ठेकेदार म्हणाला होता, "माती काय हो, दाबून घेऊ." दुसऱ्यानं आल्या आल्या विचारलं, "छपराचं पाणी कुठे जातं तुमचं?" मी कोपऱ्याकडे बोट दाखवलं आणि मलाच लाज वाटली. पाइप नेमका कोर्टाच्या जागेच्या डोक्यावर ओततो. काम त्यालाच दिलं.

संध्याकाळी हिशेब मांडला. जागा 18 बाय 9 मीटर, म्हणजे 162 चौरस मीटर. 10 मिलिमीटर पाऊस पडला तरी कोर्टावरून सोळाशे लिटर पाणी एका कडेला येणार. शंभराला एक असा ढाळ धरला तर 9 मीटरच्या रुंदीत 9 सेंटीमीटरचा उतार, तोही एकाच बाजूला, मध्ये उंचवटा नाही. खालच्या कडेला चर खणून छिद्रांचा पाइप आणि खडी. एवढं पाणी आपणच गोळा करायचं आणि मग मातीला दोष द्यायचा, हे काही बरोबर नाही.

आखणी बॅडमिंटनची, 13.40 बाय 6.10 मीटर. पिकलबॉल, म्हणजे जाळीवरून बॅटीनं प्लास्टिकचा चेंडू मारायचा खेळ, त्याचं कोर्टही जवळजवळ तेवढंच. तो खेळ 1965 मध्ये अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर एका घराच्या परसातल्या बॅडमिंटन कोर्टावरच सुरू झाला. लेकीला हे सांगितलं तर म्हणाली, "बाबा, मग दोन्ही रंगांच्या रेघा मारायच्या." ही म्हणाली, "आणि माझी खुर्ची?" खुर्चीला खालच्या कडेचा कोपरा दिला आहे. चर तिथूनच जातो, हे अजून सांगितलेलं नाही.

दिवेलागणीला लेकीनं चार खुंट्या ठोकून सुतळी ओढली आणि त्या भेगाळ मातीतच खेळत बसली. शटल एकदा भेगेत अडकलं, काडीनं काढावं लागलं.

उद्या आधी छपराचा पाइप वळवायचा.