करंजाच्या बुडातली माती

आमच्या माण तालुक्यातल्या टेकड्या उघड्या पडल्यात. गायरानात लावायला म्हणून मी घरामागे रोपवाटिका सुरू केली. करंज, खैर, बहावा अशी इथलीच झाडं निवडली, सगळी शेंगांची. शेंगांची झाडं हवेतला नत्र घेतात, हे शाळेपासून डोक्यात बसलेलं. तेव्हा खताची चिंता नाही, असं मी धरून चालले.

पहिल्या वर्षी पिशव्या भरल्या त्या विहिरीच्या खोदाईतला मुरूम, वाळू आणि अगदी थोडं शेणखत घालून. करंज पंधरवड्यात उगवला. बी टपोरं असल्यामुळे दोन महिने रोपं बियांतल्या शिदोरीवर छान वाढली. श्रावणात मात्र खालची पानं पिवळी पडायला लागली. मी घाबरून चिमूटचिमूट युरिया दिला. रोपं हिरवी झाली, पण एकाचं मूळ धुऊन पाहिलं तर ते अगदी गुळगुळीत. एक गाठ नाही.

सासऱ्यांना, म्हणजे आबांना दाखवलं. ते म्हणाले, "ओढ्याकाठच्या करंजाच्या बुडातली माती घाल की गं. पिशवीत निस्ता मुरूम भरलास, त्यात काय जीव हाय?"

नेमकं तेच चुकलं होतं. नत्र झाड घेत नाही, मुळाच्या गाठीत राहणारे रायझोबियमसारखे जिवाणू घेतात. विहिरीच्या खोलातून निघालेल्या मुरमात ते येणार कुठून? वर मी युरिया दिलेला. आयता नत्र मिळाला की रोप गाठी धरताना हात आखडता घेतं, कारण त्या जिवाणूंना स्वतःच्या पानांतली साखर खाऊ घालावी लागते.

दुसऱ्या वर्षी आबांबरोबर ओढ्यावर गेले. पालापाचोळा बाजूला सारून बारीक मुळ्यांलगतची ओलसर माती खुरप्यानं काढली, ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि ऊन लागू न देता त्याच दिवशी वापरली. दहा घमेली मिश्रणाला एक घमेलं. वीस पिशव्या मुद्दाम त्या मातीशिवाय भरल्या.

भाद्रपदात एक पिशवी चिरली आणि मातीसकट गोळा बादलीत सोडला. उपटलं असतं तर गाठी मातीतच राहिल्या असत्या. पाणी निवळलं तशी मुळं दिसली. मोहरीएवढ्या, काही ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी बाजूला चिकटलेल्या. एक नखानं फोडली. आत पेरूच्या गरासारखा गुलाबी रंग! मी ती आबांच्या तळहातावर ठेवली. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातला. जिवाणूंचं नत्र बांधणारं विकर (एन्झाइम) मोकळ्या ऑक्सिजनपुढे टिकत नाही. हे द्रव्य ऑक्सिजन धरून ठेवतं आणि जिवाणूंच्या श्वासापुरता पुरवत राहतं. गाठ आतून पांढरी असती तर ती कामाची नव्हती.

एक सांगून ठेवते. माती निरोगी झाडाखालचीच घ्या, कारण तिच्याबरोबर रोगही येऊ शकतो. सूत्रकृमींच्याही, म्हणजे मुळात शिरणाऱ्या अतिसूक्ष्म कृमींच्याही गाठी होतात. पण त्यात मूळच फुगतं, गाठ वेगळी निघत नाही. जिवाणूंची गाठ बोटानं अलगद सुटते.

मातीशिवायच्या वीस पिशव्या पुन्हा पिवळ्याच पडल्या. बहाव्याच्या मुळावर मात्र करंजाखालची माती घालूनही काही आलं नाही. मग कळलं की बहावा, चिंच, आपटा ही शेंगांची झाडं असूनही अशा गाठी धरतच नाहीत. मला याचं फार वाईट वाटलं, कारण टेकडीच्या सगळ्यात खडकाळ अंगाला मी बहावाच लावून बसले होते. त्या रोपांना आता शेणखत घालते आणि मधूनमधून करंज लावते.

खैराला गाठी आल्या, पण मोजक्याच. जिवाणूंचीही आवडनिवड असते. हरभऱ्याचे तुरीला चालत नाहीत. शेजारच्या वाडीच्या माळावर एक जुना खैर आहे. यंदा पिशव्या भरण्याआधी घमेलं घेऊन तिथं जाणार आहे.