एका पत्र्याच्या पट्टीपायी सहा आठवडे

जुना पेलेट स्टोव्ह, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या जाळून घर गरम करणारा, बघायला जाल तेव्हा काच, रंग, पंख्याचा आवाज हे सगळं नंतर. आधी मोबाइलचा टॉर्च लावा, स्टोव्हच्या मागे वाका आणि मॉडेल आणि नंबर लिहिलेली कंपनीची पट्टी वाचता येते का बघा. येत नसेल तर फुकट दिला तरी आणू नका. मी आणला, तोही 600 डॉलर मोजून.

आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये, वूस्टरजवळच्या एका छोट्या गावात राहतो. घर जुनं, बेसमेंटमध्ये हीटिंगच्या तेलाची टाकी. गेल्या हिवाळ्यात तेलाची बिलं बघून नवरा थर्मोस्टॅट खाली करायचा आणि त्याची पाठ वळली की मी वर करायचे. त्यावर उपाय म्हणून अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी हा स्टोव्ह आणला. विकणारा म्हातारा भला माणूस. गिऱ्हाइकाला बरं दिसावं म्हणून त्याने स्टोव्हला काळा हीटप्रूफ स्प्रे मारला होता. पुढून, मागून, आणि पट्टीवरूनही.

आणताना हॉपर, म्हणजे पेलेट भरायची पेटी, रिकामा करा, काचेचं दार काढून वेगळं ठेवा आणि चार धडधाकट माणसं बोलवा. आम्ही तीनच होतो. एकाची कंबर अजून माझं नाव काढते.

आता परमिट. इथे लाकूड किंवा पेलेट जाळायचा स्टोव्ह बसवायला बिल्डिंग परमिट लागतं आणि घराच्या इन्शुरन्सवालाही तो कागद मागतो. घरमालकाला स्वतः अर्ज करता येतो, तसा मी केला. अर्जाबरोबर कामगार-विम्याचं एक शपथपत्र असतं. मी, नवरा आणि दिवाळीला आलेली आई, एवढ्यांच्या घरात ‘माझ्याकडे कोणी कामगार नाहीत’ असं मी लिहून दिलं. इथवर मला हसू येत होतं.

नऊ दिवसांनी टाउन हॉलमधून ईमेल आली: मॉडेल, सिरियल नंबर आणि टेस्टिंग लॅबचं नाव असलेल्या पट्टीचा फोटो पाठवा. मी काळ्या पत्र्याचा फोटो पाठवला आणि सोबत इंटरनेटवर सापडलेलं मॅन्युअल जोडलं. आठवड्याने उत्तर: हे मॅन्युअल याच स्टोव्हचं कशावरून? बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली, तिथे फोन करायची सोय नाही. इन्स्पेक्टर फोनवर भेटतो फक्त सकाळी आठ ते नऊ, आणि नेमकी तेव्हा माझी ऑफिसची मीटिंग. एकदा मीटिंग सोडून थेट टाउन हॉलमध्ये गेले. काउंटरवरच्या बाई अतिशय गोड बोलत होत्या. गोड बोलणाऱ्या माणसावर रागावताही येत नाही, त्यामुळे तो राग मी गाडीत बसून काढला. त्यांचं म्हणणं एकच: पट्टी नाही तर परमिट नाही. भिंतीपासून किती अंतर ठेवायचं, खाली कसला पॅड हवा, सगळं पट्टीवरच्या लॅबच्या टेस्टिंगवर ठरतं. म्हणणं बरोबर होतं, हे मला आज कळतं. त्या दिवशी मला फक्त दारावरची वेळेची पाटी दिसत होती.

नवरात्र बसलं, उठलं. स्टोव्ह गॅरेजमध्ये चादर पांघरून उभा. नवरा रोज गाडी लावताना त्याला ‘काय पाहुणे’ म्हणायचा.

एका रविवारी मी बटर नाइफने रंग खरवडत बसले होते. आई चहा घेऊन आली. “अगं, पत्रा खरवडतेस की वांगी? नेलपेंट काढायचं ते लाव की!” मी म्हटलं, आई, हा भट्टीचा रंग आहे, असा नाही निघत. तरी कापसाचा बोळा अॅसिटोनमध्ये बुडवून फिरवला, तर बोळा काळाकुट्ट. हा रंग चांगला तापल्यावर पक्का होतो, आणि स्प्रे मारल्यापासून स्टोव्ह पेटलाच नव्हता. आधी एक एस दिसला, मग सिरियल नंबरचे शेवटचे तीन आकडे. अक्षरं पत्र्यात ठोकलेली होती म्हणून वाचली; नुसती छापलेली असती तर रंगाबरोबर गेली असती. अर्ध्या तासात अख्खी पट्टी चकचकीत. फोटो पाठवला आणि चौथ्या दिवशी परमिट आलं.

पाइपचं सांगायचं राहिलं. धुराचा पाइप जुना वापरू नका, पेलेटसाठीचा दुहेरी भिंतीचा नवाच घ्या. सगळे तुकडे मिळून तो मला स्टोव्हपेक्षा महाग पडला.

वसुबारसेला इन्स्पेक्टर आला. आठ मिनिटं थांबला. टेपने भिंतीपासूनचं अंतर मोजलं, बाहेर जाऊन पाइपचं तोंड खिडकीपासून किती लांब ते पाहिलं, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजवून बघितला. त्या अलार्मबद्दल माझी तक्रार नाही. जानेवारी 2005 मध्ये इथल्याच प्लिमथमध्ये बर्फाने हीटिंगचा व्हेंट बुजला आणि सात वर्षांची निकोल गेली. तिच्या नावाच्या कायद्याने 2006 पासून हा अलार्म घराघरात सक्तीचा झाला. बर्फ पडला की मी आधी पाइपचं तोंड मोकळं करते, मग गाडी. पण ज्या मॅन्युअलवरून एवढं रामायण झालं, ते इन्स्पेक्टरने उघडलंसुद्धा नाही. सही केली आणि गेला.

त्याच संध्याकाळी पेटवला. दहा मिनिटं सुंदर ज्वाळा, मग पेलेट आत ढकलणारा ऑगर थांबला आणि सगळं थंड. असं झालं की बहुतेक वेळा व्हॅक्यूम स्विच मध्ये येतो: पंखा धूर नीट ओढत नाही असं त्याला वाटलं की तो पेलेट पडणंच बंद करतो. स्विचच्या वायरी परस्पर जोडून टाका, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. तसं करू नका, तो स्विच आपल्याच जिवासाठी आहे. दाराच्या कडेचं सील, म्हणजे गॅस्केट, सैल आहे का बघायला त्यात डॉलरची नोट अडकवून ओढली, ती घट्ट होती. आतल्या बाजूची झाकणं काढून अर्धी बादली राख उपसली, तरी तेच. शेवटी स्विचला जाणारी रबरी नळी हातात घेतली, तर टोकाला केसाएवढी चीर. अर्धा इंच कापलं, परत खोचलं, संपलं. चाळीस डॉलरचा नवा स्विच मी तोवर मागवून बसले होते. तो ड्रॉवरमध्ये आहे.

पेलेट सप्टेंबरच्या आतच भरून ठेवा आणि कोरड्या जागी ठेवा; पाणी लागलं की भुसा होतो. वीज गेली की स्टोव्हही जातो, हे नवऱ्याला आधी सांगितलं नव्हतं. चाळीस पौंडाची पिशवी, म्हणजे अठरा किलो, मी हॉपरमध्ये ओतली तेव्हा आई म्हणाली, “ही तर आपली गोळी पेंड! म्हशीला घालतात ती.”

नरक चतुर्दशीला पहाटे पाचला बाहेर बर्फाळ वारा होता. आई तेलाची वाटी घेऊन स्टोव्हकडे पाठ करून बसली, आणि आधी कोणी अंघोळीला जायचं यावरून मी आणि नवरा भांडत होतो, कारण कोणालाच तिथून उठायचं नव्हतं.