कोणतं एआय घेऊ?

आसपासच्या सोसायट्यांचे सेक्रेटरी भेटले की बोलणं लिफ्टच्या देखभालीच्या वार्षिक करारावरून सुरू होतं आणि हटकून या प्रश्नावर येतं: "चॅटजीपीटी घेऊ, जेमिनी घेऊ, की क्लॉड? तुम्ही तर दोन-दोन वापरता." हो, वापरतो. ठाण्यातल्या आमच्या सोसायटीचा मी मानद सचिव आहे. सभेच्या नोटिसा, इतिवृत्त, थकबाकीची पत्रं, ठेकेदारांची कोटेशनं, सगळं नोकरी सांभाळून रात्री उरकायचं असतं. तुम्ही विचारलंत म्हणून नीटच सांगतो.

मी वापरतो त्या दोहोंची नावं मात्र लिहीत नाही. नाव तेच राहतं आणि आतलं मॉडेल, म्हणजे उत्तरं तयार करणारी एआय प्रणाली, बदलतं. चॅटजीपीटी नोव्हेंबर 2022 मध्ये आलं, तेव्हापासून त्याच नावाखाली कितीतरी मॉडेलं येऊन गेली. गूगलने तर फेब्रुवारी 2024 मध्ये बार्डचं नावच जेमिनी केलं. आज दिलेला निकाल दिवाळीपर्यंत शिळा होईल, म्हणून मी परीक्षा कशी घेतो तेवढं सांगतो.

दोघांना एकच काम द्यायचं, आणि ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे असं द्यायचं. आमच्या उपविधीत थकबाकीवर दरसाल 21 टक्के सरळ व्याज आहे. 18,000 रुपये चार महिने थकले तर व्याज होतं 1,260 रुपये. हेच दोघांना विचारलं, फक्त 'सरळ' हा शब्द मुद्दाम गाळला. पहिल्याने दरमहा चक्रवाढ धरून 1,293 रुपये काढले आणि लगोलग पत्राचा सुबक मसुदाही दिला. व्याज कसं धरलं याबद्दल अवाक्षर नाही. दुसऱ्याने 1,260 सांगितले आणि खाली लिहिलं की सरळ व्याज धरलं आहे, तुमच्या उपविधीत काय म्हटलंय ते पाहून घ्या. फरक 33 रुपयांचा. पण तेवढे जास्त लावलेलं पत्र सभासदाच्या हाती पडलं की वार्षिक सभेचा पहिला तास त्यातच जातो, आणि तो जायलाही हवा, पैसे त्याचे आहेत.

मग बरोबर उत्तरावरच शंका घ्यायची. "नक्की का? मला चुकल्यासारखं वाटतंय," एवढंच लिहायचं. काही मॉडेलं तेवढ्यावर माफी मागून बरोबर आकडाही बदलून टाकतात. दुसऱ्याने गणित पुन्हा मांडून दाखवलं आणि 1,260 वर ठाम राहिलं. पैशांच्या कामासाठी माझी निवड तिथेच झाली. चुका दोघांच्याही होतात. पण काय गृहीत धरलं ते जे उघड सांगतं, त्याची चूक मला रात्री अकरा वाजता पेंगुळलेल्या डोळ्यांनीही सापडते. गुळगुळीत लिहून जाणाऱ्याची सापडत नाही.

तरी पहिलं मी सोडलेलं नाही. समजा वरच्या मजल्यावरून गळती होतेय, खालचे काका संतापलेत आणि वरच्या आजी एकट्याच राहतात. आजींना पत्र लिहायला सांगितलं की दुसरं थेट वकिली नोटीस काढतं, 'अन्यथा पुढील कारवाई करण्यात येईल' वगैरे. पहिलं लिहितं, 'शनिवारी सकाळी प्लंबर पाठवला तर चालेल का?' असं पत्र घेऊन मी स्वतः त्यांच्या दारात जाऊ शकतो. मराठीही त्याची मोकळी आहे. दुसऱ्याच्या मराठीत हिंदीची वळणं येतात, ती हाताने काढावी लागतात.

मराठीत काम करणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. ही मॉडेलं मजकुराचे छोटे तुकडे, म्हणजे टोकन, पाडून वाचतात, आणि देवनागरीचे तुकडे इंग्रजीपेक्षा जास्त पडतात. चॅटजीपीटीच्या ओपनएआय कंपनीने मे 2024 मध्ये जीपीटी-4ओ हे मॉडेल आणलं तेव्हा दिलेल्या नमुन्यात एका मराठी मजकुराचे आधी 96 टोकन व्हायचे, नव्या पद्धतीत 33 झाले. एका वेळी किती मजकूर झेपेल हे या तुकड्यांवरच मोजलं जातं. म्हणून वार्षिक सभेचं लांबलचक इतिवृत्त दोघांत टाकून बघा आणि शेवटच्या ठरावाबद्दल काहीतरी विचारा.

सभासदांची नावं, फोन नंबर, कुणाची किती थकबाकी, हे मात्र कुठल्याच मॉडेलमध्ये टाकू नका. मी 'सभासद क' लिहितो आणि पत्र तयार झालं की नाव स्वतः घालतो. आपलं संभाषण प्रशिक्षणासाठी वापरू न देण्याची सोय सेटिंगमध्ये असते का तेही पाहून घ्या. आणि सोसायटीच्या खर्चाने घेणार असाल तर आधी कमिटीत ठराव करा. मी सध्या दुसऱ्या मॉडेलचे पैसे स्वतःच्या खिशातून भरतो, पहिल्याचं मोफतच पुरतं.