कमी पाणी, मंद आच: पोर्क आणि नूडल्स

मिनेसोटात नोव्हेंबर सरत आला की दुपारी पाचच्या आधीच अंधार पडतो आणि कामावरून घरी पोहोचेपर्यंत ओट्यापाशी उभे राहण्याचे त्राण उरत नाही. अशा दिवसांसाठी आमच्या घरी एक जेवण ठरून गेले आहे. सकाळी स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर तासन् तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, पोर्क लावायचे आणि रात्री त्याच्याच रश्श्यात नूडल्स घोळवून वाढायच्या. सोपे म्हणून हे जेवण मी कितीतरी मित्रांना सांगितले, पण त्यांच्यापैकी निम्म्यांनी पहिल्या प्रयत्नात ते बिघडवले. मीही बिघडवले होते. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

मी मूळचा वसईचा. आमच्या ख्रिस्ती घरांत लग्नकार्याला आणि नाताळाला पोर्क असतेच, त्यामुळे मांस माझ्या ओळखीचे होते. अनोळखी होते ते भांडे. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी शेजारच्या गल्लीत कोणीतरी घर आवरताना जुने सामान अंगणात विकायला मांडले होते, त्यातून सहा क्वार्टचा, म्हणजे साधारण साडेपाच लिटरचा, स्लो कुकर मी पाच डॉलरना उचलला. अमेरिकेत या भांड्याला सर्रास ‘क्रॉक-पॉट’ म्हणतात, जसे आपल्याकडे कोणत्याही वनस्पती तुपाला ‘डालडा’ म्हणत. नाव एका ब्रँडचे, पण आता ते साऱ्या जातीचे झाले आहे.

या भांड्याचा इतिहास वाचला तेव्हा मला त्याच्याविषयी अधिकच आपुलकी वाटू लागली. शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सन यांना त्याचे पेटंट १९४० मध्ये मिळाले. त्यांच्या आईने लिथुआनियातल्या बालपणीची एक आठवण त्यांना सांगितली होती. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी चोलंट नावाच्या कालवणाचे भांडे बेकरीत पोहोचवायचे. शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, घरात विस्तव पेटवायचा नसल्यामुळे ते भट्टीच्या उरलेल्या उष्णतेवर रात्रभर शिजत राही. त्याच कल्पनेवर नॅक्सन यांनी विजेचे भांडे बेतले. पुढे १९७० मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने त्यांचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ मध्ये ‘क्रॉक-पॉट’ या नावाने ते बाजारात आणले. ज्यू घरातल्या शब्बाथच्या जेवणातून जन्मलेल्या भांड्यात मी डुकराचे मांस शिजवतो, याची मला गंमत वाटते आणि थोडा संकोचही वाटतो.

आता माझ्या पहिल्या फजितीविषयी. चरबी नको म्हणून मी पाठीचे कमी चरबीचे मांस, ज्याला इथे ‘लॉइन’ म्हणतात, ते आणले. रश्श्याची सवय असल्याने तुकडे बुडतील इतके पाणी ओतले. आणि एकाच भांड्यात सगळे होते आहे या आनंदात कोरड्या नूडल्सही सकाळीच टाकून दिल्या. नऊ तासांनी झाकण काढले तेव्हा आत कपड्यांना लावण्याच्या खळीसारखे काहीतरी होते आणि त्यात मांसाचा चोथा तरंगत होता. माझी पत्नी सांगलीची. लग्नापूर्वी तिने पोर्क चाखलेही नव्हते आणि त्या रात्री तिने ते पुढेही चाखू नये असे ठरवून टाकले होते. वसईला आईला फोन केला तर तिने मसाल्याविषयी एक शब्द विचारला नाही. तिचा पहिला प्रश्न होता, “पाणी किती घातलंस?”

प्रश्न अगदी वर्मावरचा होता. पातेल्यात शिजवताना पाण्याची वाफ सतत उडून जाते आणि रस्सा आपोआप आळत जातो. स्लो कुकरमध्ये तसे होत नाही. वाफ झाकणाच्या काचेवर जमते, थेंब होऊन कडेने ओघळते आणि पुन्हा आतच पडते. शिवाय मांस स्वतःचे पाणी सोडते ते वेगळेच. दीड किलो पोर्कला एक कप पाणी पुरते, आणि शिजून झाल्यावर पाहावे तर भांड्यात जवळजवळ दुप्पट रस जमलेला असतो. चीनमधल्या डोंगपो पोर्क या प्रसिद्ध पदार्थाला ज्याचे नाव मिळाले, तो सू डोंगपो हा कवी आणि अधिकारी १०८० मध्ये हुआंगझोऊला हद्दपार झाला होता; त्या काळात त्याने पोर्क शिजवण्याविषयी हेच सांगून ठेवले आहे, की पाणी थोडे घाला, आच मंद ठेवा आणि घाई करू नका. माझ्या आईने त्याचे नाव ऐकलेले नाही, पण दोघांचे मत एक आहे.

मांस कोणते घ्यावे, याला पाण्याइतकेच महत्त्व आहे. खांद्याचे मांस घ्यावे. इथल्या दुकानांत ते ‘पोर्क शोल्डर’ किंवा ‘बॉस्टन बट’ या नावाने मिळते. दुसरे नाव ऐकून बहुतेक जण चकतात, पण तो भाग खांद्याच्या वरचाच असतो. जनावर ज्या स्नायूंनी दिवसभर चालते, त्यांत कोलॅजन नावाचे चिवट बंधन भरपूर असते, आणि झटपट शिजवल्यास हेच मांस चामड्यासारखे लागते. साधारण ७० अंश सेल्सियसच्या पुढे ते कोलॅजन तासन् तास हळूहळू विरघळून त्याचे जिलेटिन होते. मांसाचे धागे सुटे होतात आणि रश्श्याला ओठ चिकटतील असा दाटपणा येतो. पोर्कचा अखंड तुकडा आतून ६३ अंशांवर पोहोचला आणि तीन मिनिटे तसाच मुरला की खाण्यास सुरक्षित मानला जातो, परंतु खांद्याचे मांस काट्याने सुटावे असे वाटत असेल तर ते ९० ते ९५ अंशांपर्यंत जावे लागते. पाठीच्या मांसात असे कोलॅजन फारच थोडे असते, त्यामुळे इतका वेळ शिजवल्यावर त्यातून ओलावा तेवढा निघून जातो आणि बदल्यात काहीच मिळत नाही. माझा चोथा झाला तो यामुळेच.

आमच्या चौघांना रात्री पुरून दुसऱ्या दिवशीच्या डब्यालाही उरेल, असे प्रमाण आता ठरून गेले आहे. दीड किलो हाडाविना शोल्डरचे मुठीएवढे पाच-सहा तुकडे करावेत. बारीक तुकडे करू नयेत, कारण ते लवकर शिजून विरतात. आदल्या रात्री मांस फ्रीजमध्ये ठेवून पूर्ण वितळू द्यावे. गोठलेले मांस थेट स्लो कुकरमध्ये घालणे धोक्याचे आहे, कारण भांडे सावकाश तापते आणि ४ ते ६० अंशांच्या ज्या टप्प्यात जंतू झपाट्याने वाढतात, त्यात मांस फार वेळ अडकून राहते.

सकाळी पावणेसहाला मी बिडाचा तवा तापवतो, तुकडे पुसून कोरडे करतो आणि थोड्या तेलावर दोन-दोन करून सगळ्या बाजूंनी परततो. ही पायरी गाळली तरी जेवण होते, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण रंग फिका येतो आणि चवीला खोली येत नाही. तुकडा तव्याला चिकटलेला असताना ओढू नये. खालची बाजू तांबूस झाली की तो आपणच सुटतो. तुकडे कुकरमध्ये गेले की त्याच तव्यात तो एक कप पाणी ओतून तळाला धरलेले खरवडून घ्यावे आणि तेही कुकरमध्ये घालावे. त्यात अर्धा कप कमी मिठाचा सोया सॉस, दोन मोठे चमचे किसलेला गूळ, दोन चमचे तांदळाचे व्हिनेगर, दहा-बारा ठेचलेल्या लसूणपाकळ्या, आल्याच्या सात-आठ चकत्या, तीन सुक्या मिरच्या, दालचिनीचा बोटभर तुकडा आणि दोन बाद्यान. मीठ घालत नाही, सोया सॉसमध्ये ते पुरेसे असते.

बाद्यानविषयी थोडे सांगायला हवे. चीनमधल्या सोया सॉस आणि साखरेत शिजवलेल्या तांबड्या पोर्कचा गंध बहुतांशी त्याचाच असतो, आणि आपल्या गोड्या मसाल्यातही तेच चक्रीफूल पडते. दुपारी सुट्टी असली आणि कुकर चालू असला की पाचव्या तासाच्या सुमारास घरात जो वास पसरतो, त्याने माझ्या पत्नीला सासर नव्हे तर माहेर आठवते. तिच्या आईचा मसाला कुटायचा दिवस असाच घमघमत असे. पोर्कवरचा तिचा राग निवळला तो बहुधा या वासामुळे. मात्र दोनापेक्षा अधिक बाद्याने घालू नयेत, रश्श्याला औषधाची चव येते.

झाकण लावून ‘लो’वर आठ ते नऊ तास ठेवावे. घाई असल्यास ‘हाय’वर पाच-सहा तासांत होते. दोन्ही खटक्यांवर भांडे शेवटी उकळीच्या जवळपासच पोहोचते, फरक पडतो तो तिथवर पोहोचायला लागणाऱ्या वेळाचा. मधून झाकण उघडून पाहण्याचा मोह टाळावा, कारण दर वेळी साठलेली उष्णता निघून जाते आणि वीस-तीस मिनिटे वाढतात. झाले की नाही हे पाहण्याची माझी पद्धत साधी आहे. काटा मधोमध रोवून किंचित फिरवावा. मांस विरोध न करता धाग्याधाग्यांनी उलगडले तर झाले, काट्याबरोबर अख्खा तुकडा फिरला तर अजून पाऊण तास हवा.

मांस परातीत काढून दोन काट्यांनी मोठे मोठे सुटे करावे, भुगा करू नये. रस्सा गाळून पाच मिनिटे स्थिर ठेवला की चरबी वर येते. ती डावाने काढून टाकावी. मग रस्सा पातेल्यात उकळून दोन चमचे कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून लावावे आणि तो चमच्याच्या पाठीवर पातळ थर धरेल इतकाच दाट करावा. हे काम कुकरमध्येच करण्याचा आळस मी करून पाहिला आहे. तिथे उकळी जोरात येत नाही आणि पिठाची कच्ची चव राहते.

नूडल्सचे भांडे वेगळेच हवे. चौघांना ३५० ग्रॅम अंड्याच्या सुक्या नूडल्स पुरतात. मोठ्या पातेल्यात खळखळत्या पाण्यात त्या पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिट कमी शिजवाव्यात, निथळाव्यात आणि धुऊन टाकण्याऐवजी लगेच उकळत्या रश्श्यात टाकाव्यात. उरलेले एक मिनिट त्या तिथे शिजतात आणि रसही तेवढाच पितात. त्याच पाण्यात शेवटी पाक चोईची किंवा कोबीची पाने अर्धा मिनिट बुडवून काढली की भाजीचाही प्रश्न सुटतो. वर मांस, पातीचा कांदा आणि लिंबाची फोड. पत्नी आपल्या ताटात कांदा-लसूण मसाल्याची चिमूट भुरभुरते आणि मी काही बोलत नाही, कारण एकदा चोरून चाखल्यावर तिचे बरोबर असल्याचे माझ्या लक्षात आले आहे.

भारतातले वाचक हा कुकर इथून नेण्याविषयी विचारतात. नेऊ नये. तो १२० व्होल्टवर चालतो, आपल्याकडे २३० व्होल्ट असतात, आणि एका भांड्यासाठी जड ट्रान्सफॉर्मर सांभाळण्यात अर्थ नाही. जाड बुडाच्या पातेल्यात, झाकणावर पाणी ठेवून, अगदी बारीक गॅसवर अडीच-तीन तासांत हेच पोर्क होते. पाणी मात्र तिथे थोडे वाढवावे आणि मधून पाहावे. प्रेशर कुकरमध्ये पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून चाळीस मिनिटे पुरतात.

उरलेला रस्सा आणि मांस नूडल्सपासून वेगळे ठेवावे, नाहीतर सकाळपर्यंत नूडल्स सगळा रस पिऊन फुगतात. रस्सा फ्रीजमध्ये जेलीसारखा थरथरणारा घट्ट होतो. बिघडला असे समजून माझ्या एका मित्राने तो टाकून दिला होता. दुसऱ्या दिवशी मी तो गरम करून भातावर घेतो. लेकीला मात्र नूडल्सच लागतात, त्यामुळे तिच्यासाठी पुन्हा पाणी उकळायला ठेवावे लागते.