चिमणीहून मोठा, बुलबुलहून लहान

परवा मैत्रिणीचा मेसेज आला, निसर्ग, सायन्स असलं काहीतरी वाचायचंय, सुट्टीत संपतील अशी चार-पाच पुस्तकं सांग ना. संपतील अशी! चहा घेऊन आठवायला बसले तर लक्षात आलं, माझी त्यातली लाडकी पुस्तकं अजून माझीच संपलेली नाहीयेत.

सालिम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तकच घ्या. १९४१ सालचं. ते काय कोणी पहिल्या पानापासून वाचतं का, आमच्याकडे ते किचनच्या खिडकीत डब्यांना टेकून असतं आणि एका पानावर हळदीचा चांगला पाच बोटांचा डाग आहे, कारण मी फोडणी टाकली आणि समोरच्या पिंपळावर टुक टुक टुक सुरू झालं. आठवडाभर मला वाटत होतं वरच्या मजल्यावर प्लंबर पाइप ठोकतोय. निघाला तांबट! हिरवागार, कपाळावर लाल टिळा, गळा पिवळा, आणि एवढा आवाज पण चोच बंद. फोडणी करपली ते सोडा.

मला त्यातली मापं फार आवडतात. सेंटिमीटरवर अडून न बसता सरळ चिमणीएवढा, बुलबुलएवढा, मैनेएवढा, घारीएवढा. आता घरात सगळ्यांनाच ती सवय लागलीय, मंडईतून नवऱ्याचा फोन येतो की भरायची वांगी चिमणीएवढी नाहीयेत, मैनेएवढी आहेत, आणू का?

दुर्गाबाईंच्या 'ऋतुचक्र'मध्येही माप आपलंच, चैत्र ते फाल्गुन, महिन्याला एक लेख. १९५६चं पुस्तक. एकदा हावरटासारखा आषाढाचा लेख भर चैत्रात वाचला, बाहेर ऊन रणरणतंय, पंखा गरम हवा फेकतोय, काही म्हणजे काही पोचलं नाही. तेव्हापासून महिना लागला की त्या महिन्याचा लेख, त्यामुळे बारीकसं पुस्तक पण वर्ष लागतं आणि मग परत चैत्र येतोच.

सलग वाचलं ते रेचल कार्सनबाईंचं 'सायलेंट स्प्रिंग', १९६२चं, डीडीटी आणि बाकीच्या फवारण्यांवरचं. दोन रात्रीत संपलं, नंतर तिसऱ्या रात्री झोप नाही.

शेवटी मैत्रिणीला ही तीनच नावं पाठवली. तिचा लगेच रिप्लाय, ते पक्ष्यांचं केवढं आहे गं, प्रवासात नेता येईल का?

मी टाइप केलं, साधारण कबुतराएवढं.